पालथी बाटली

१

यमुताई परातेंच्या मोरीत बाटली पालथी दिसली की ती रिकामी, एवढं घरात कोणाला सांगावं लागत नसे. बाटली संपली की सोड्यानं धुवायची, पालथी घालायची, सुकली की तिच्यात जवसाचं तेल भरायचं. कायदा तिचा होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. पुढे सावजी खानावळ, मागे घर, आणि दोन्हीकडे आवाज एकच, यमुताईचा.

त्या सकाळी तेल भरायला तिनं रांगेतली एक बाटली न बघताच उचलली, तर बोटं बुडाखालच्या खोल खड्ड्यात गेली. असा खड्डा तिच्या एकाही बाटलीला नव्हता. वर काच जड आणि गर्द हिरवी. कागद भिजून अर्धा सोलला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर द्राक्षाचा वेल होता.

यमुताई बाटली घेऊन मोरीच्या काठावर बसली.

ही बाटली उन्मेषच्या मॅडमची. नातू नागपूरच्या मिहानमध्ये विमानाचे भाग करणाऱ्या कंपनीत होता आणि त्याच्यावरची साहेबीण फ्रान्सची. आज संध्याकाळी ती सावजी मटण खायला घरी येणार होती. जेवताना सगळ्यांनी मिळून उघडू म्हणून तिनं ही बाटली आधीच पाठवून दिली होती. तिच्या बापाच्या मळ्यातली वाइन. घरात दारूचा थेंब येऊ द्यायचा नाही असं यमुताईनं ठरवलं होतं, पण बाईच्या माहेरची वस्तू, तिला नाही कशी म्हणणार? कपाटात ठेवू दिली. सुनेला, चारुलताला, तेवढं बजावून ठेवलं की लक्ष ठेव.

बाटली आली त्या दिवशी उन्मेषनं आजीला समोर बसवून पाठच दिला होता. घरात तेव्हा दोघंच. मुकुंद, म्हणजे त्याचा बाप, मिरची आणायला भिवापूरला गेलेला.

"आजी, ही एका द्राक्षाची नाही. तीन जातींचा मेळ आहे. एक नरमाई देते, एक रंग देते, एक अंग देते, म्हणजे दाटपणा."

"म्हणजे तीन सवती एका बाटलीत कोंबल्या म्हण ना. भांडत नाहीत काय?"

"सुरुवातीले भांडतात. बाटली आडवी ठेवून वर्षं जाऊ दिली की समजुतीनं राहतात."

कशासोबत घेतात, असं तिनं विचारलं. खानावळवालीला दुसरं काय सुचणार? तो म्हणाला, मटणासोबत, भाजल्या वांग्यासोबत, जुन्या चीजसोबत. गोडासोबत मात्र कधीच नाही, कारण हिच्यात गोडवा औषधालाही नसतो. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, तशी होते. बोकडाची चरबी जिभेवर बसली की ही कोरड ती धुऊन काढते आणि पुन्हा घास घ्यावासा वाटतो. यमुताईला ते पटलं. आपल्या रश्श्याला जोड म्हणून सातासमुद्रापलीकडून काही येतं आहे, याचा तिला मनातून गर्वही झाला.

आता तीच बाटली तिच्या मांडीवर रिकामी पडली होती. आणि या घरात बाटली रिकामी झाली की एकच नाव जिभेवर यायचं.

२

मुकुंदची दारू सुटली त्याला आता बराच काळ झाला होता. मौद्याच्या रस्त्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून तो परत आला, तेव्हा यमुताईनं खानावळीतल्या सगळ्या माणसांसमोर त्याच्या हातात रश्श्याची पितळी पळी दिली होती आणि सांगितलं होतं, "ही पळी हातात आहे तोवर घर तुझं. एक घोट पेला तं पळी गेली अन् घरही गेलं." तेव्हापासून रस्सा तोच करायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मुकुंदाच्या हाताला माईची चव आहे. हे ऐकलं की यमुताई तोंड फिरवून हसून घ्यायची.

आज तिनं सगळ्यांना खानावळीच्या चुलीपाशी बोलावलं. मुकुंद, चारुलता, उन्मेष आणि तिचा जुना आचारी अंकुश. बाटली मध्ये ओट्यावर ठेवली आणि मुकुंदकडे बघितलं. दुसऱ्या कोणाकडे बघितलंच नाही.

मग तिची जीभ सुटली. त्या जिभेचं काय सांगावं? बापाचं नाव घेतलं, कुळाचं घेतलं, पोराच्या नोकरीचं घेतलं. परक्या बाईच्या माहेराची वस्तू ढोसताना लाज कशी वाटली नाही, असं विचारलं. मुकुंद खाली मान घालून उभा होता. चारुलतानं एकदा तोंड उघडलं, तेव्हा मुकुंदनं तिच्याकडे पाहून मान जराशी हलवली. यमुताईला वाटलं, पाहा निर्लज्ज, बायकोला वकिली करू देत नाही, तेवढं कळतं.

"बोल. कोणं पेली?"

"मीच पेलो, माय," मुकुंद म्हणाला.

चुलीवरचा रस्सा तेवढा रटरटत होता.

"गोड लागल्या असतील तीन सवती," यमुताई म्हणाली.

"गोड होती. संत्राबर्फी होती घरात, तिच्यासोबत घेतली."

यमुताईनं त्याच्या हातातली पळी काढून अंकुशच्या हातात कोंबली. उन्मेषला केंद्रात फोन लावायला सांगितला. तो जागचा हलला नाही. मग तिनं स्वतःच लावला, मॅडम यायच्या आधी गाडी पाठवा, माणूस घेऊन जा. मुकुंद मागच्या खोलीत बॅग भरायला गेला. जाताना त्यानं रश्श्याखालचा जाळ कमी केला.

ते बघून यमुताईच्या छातीत काहीतरी टोचलं. पण तेव्हा ती रागात होती, आणि रागात तिला स्वतःचं काही टोचलेलं चालत नसे.

३

अंकुश पळी हातात धरून उभा होता, ढवळत नव्हता.

"काहून, आता पळी जड झाली?" यमुताईनं विचारलं. मुकुंद केंद्रातून परत येईपर्यंत खानावळीचा रस्सा अंकुशच करायचा. पळी गेली तेव्हा त्याचं तोंड महिनाभर कडू होतं, हे तिला ठाऊक होतं. फायदा कोणाचा झाला, असा हिशेब केला तर बोट त्याच्याकडेच जात होतं.

"पळी मले पाहिजे होती, ताई. खोटं काहून बोलू? पण अशी नाही." त्यानं वाटीत जरासा रस्सा काढून तिच्यापुढे धरला. "हा पहाटे मुकुंदभाऊनं केला. चाखून पाह्य."

तिनं चाखला. दगडफूल जिथे पाहिजे तिथे, खसखस मागे, तिखट घशात उशिरा पोचणारं. मीठ बरोबर.

"दारूच्या दिवसात भाऊचा मिठाचा हात कसा होता, तुले आठवते ना?"

आठवत होतं. मुकुंदनं मधेच रश्श्याला हात लावला की तीन-तीनदा मीठ पडायचं. गिऱ्हाईक उठून जायचं.

"मग बाटली कोणं घेतली? तू?"

अंकुश हसला, पण डोळ्यांत नाही. म्हणाला, मी घराच्या आत पाय ठेवत नाही, तूच ठेवू देत नाहीस. काल दुपारी खिडकीतून मात्र एक दिसलं होतं. मुकुंदभाऊ कपाटासमोर उभा होता, हात बाटलीवर. फिरवून पाहत होता.

"पाह्य बरं. मंग तूच सांगून राहिला ना त्यानं घेतली."

"मी दिसलं तेवढं सांगून राहिलो. भाऊच्या मागं दारात वहिनी पण उभी होती. भाऊनं तिले नाही पाहिलं."

यमुताई वाटी हातात धरून तशीच राहिली. रस्सा निवून वर लाल तवंग धरू लागला.

४

उन्मेष गच्चीवर एकटा बसला होता. आजीला बघून त्यानं तोंड वळवलं. या पोराला तिनं अंगाखांद्यावर वाढवलं, आणि त्यानं तिच्याकडे अशी पाठ आजवर केली नव्हती.

बाटली उघडायचं ते मळसूत्र कुठं आहे, असं तिनं विचारलं. त्यानं खालच्या खणात सांगितलं. ती उतरून बघून आली. मळसूत्र पुसून, त्याच्या डबीत घालून, डबी झाकून ठेवलेली. जन्मात कधी मुकुंदनं काढलेली वस्तू जागेवर ठेवली नव्हती. मडक्यावरचं झाकण पाणी घेतल्यावर परत ठेवायला त्याला हाक मारावी लागायची.

ती पुन्हा वर आली तेव्हा दम लागला होता.

"तुह्या बाबानं बाटलीले हात काहून लावला?"

"मीच सांगतलं होतं. कोणीतरी झाडताना ती उभी करून ठेवली होती. बूच ओलं राहायले पाहिजे म्हणून आडवी लागते. घाईत निघताना तशीच राहिली, म्हणून मी ड्यूटीवरून फोन केला, बाबा, जरा आडवी कर." उन्मेष थांबला. "आजी, तू सकाळी कोणाले बोलू दिलं? बाबाच्या तोंडाचा वास तरी घेतला का?"

नव्हता घेतला. एवढी साधी गोष्ट. पूर्वी दारातूनच घ्यायची.

"संत्राबर्फी म्हणे," उन्मेष पुढे म्हणाला. "ती वाइन अन् संत्राबर्फी. एक घोट घेतला की तोंड वाकडं होईन माणसाचं. अन् गोड होती म्हणे. त्या बाटलीत गोड काहीच नव्हतं, आजी. ज्यानं पेली तो असं बोलूच शकत नाही."

हे त्यानं सांगायची गरज नव्हती. कच्चं जांभूळ, ओढलेली जीभ, बोकडाची चरबी, सगळं तिला त्याच दिवशी सांगून झालं होतं. पन्नास माणसांच्या जेवणातलं अर्ध्या चमच्याचं चुकलेलं ओळखणारी बाई ती. चुलीपाशी तिच्या कानांवर "गोड" पडलं आणि तिनं ते गिळलं, कारण तिला जे ऐकायचं होतं ते आधीच ऐकून झालं होतं.

मुकुंद प्यायला नव्हता. मग चार माणसांत उभं राहून प्यालो का म्हणाला?

५

यमुताई मोरीत गेली आणि जिथे सकाळी बसली होती तिथेच परत बसली. आता बघायला लागली.

पाणी जातं त्या जाळीजवळ पांढऱ्या फरशीवर एक डाग होता. लाल नव्हता. निळसर, काळपट. सकाळीही असणार, पण तिची नजर बाटलीवर होती. असा रंग तिनं आधी एकदाच बघितला होता. लग्न नवीन असताना जांभळं खाऊन पदर लाल केला होता, घाबरून साबण लावला आणि लाल गेलं, निळं उमटलं. सासूनं चारचौघीत तो पदर दाखवला होता.

म्हणजे वाइन कोणाच्या पोटात गेलीच नव्हती. ती इथे ओतली होती आणि वरून सोडा टाकून फरशी घासली होती.

मग बाटली. चोरून पिणारा बाटली लपवतो, फेकतो, मिरचीच्या पोत्यामागे सारतो. पिण्याच्या दिवसात मुकुंदचं हे सगळं करून झालं होतं. चोरून प्यालेली बाटली आतून-बाहेरून सोड्यानं धुऊन, तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत पालथी घालणारं माणूस दारुडं नसतं. ते या मोरीत तयार झालेलं माणूस असतं. हाताला एवढं वळण की चोरी करतानाही वळण सुटत नाही. आणि ते वळण कोणी लावलं होतं, हे यमुताईनं दुसऱ्या कोणाला विचारायचं काम नव्हतं. नवी नवरी असताना चारुलताकडून एकेक बाटली तिनं परत परत धुऊन घेतली होती.

चारुलता मसाल्याच्या खोलीत पाट्यावर होती. यमुताईनं आत जाऊन दार लोटलं. रागावून नाही, थकून म्हणाली,

"बाटली चांगली धुतली वं."

"सवय आहे, आत्याबाई," चारुलता म्हणाली. आणि वरवंटा थांबला.

मग चारुलता बोलायला लागली ती पाट्याकडे बघतच. काल दुपारी ते कपाटासमोर उभे होते, हात बाटलीवर. ती दारातूनच मागे फिरली. ते बाहेर गेल्यावर तिनं बाटली उघडली आणि मोरीत ओतली. ओतताना मान वर केली तर तेच दारात उभे. काही बोलले नाहीत, तसेच परत गेले. बाटली धुवायची नव्हती तिला. कधी धुतली, कळलंच नाही.

"त्याले विचारायचं तरी होतं, बाई."

"तुमी विचारलं का सकाळी?"

यमुताई पाट्याकाठची मिरची बोटानं आत सारत राहिली.

"त्यायले कळलं, माझा त्यायच्यावर भरोसा नाही," चारुलता म्हणाली. "तेच तं मले कोणाले कळू द्यायचं नव्हतं. सकाळी सांगायले तोंड उघडलं, तं त्यायनं मान हालवली. अन् मी गप्प बसले. नवऱ्याले गाडीत घालून नेतील, तरी गप्प बसले." तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले. हाताला मिरची होती, डोळे आणखी वाहू लागले. "पण आत्याबाई, बाटली आली त्या दिवशी तुमी काय म्हटलं होतं मले?"

लक्ष ठेव, असं म्हटलं होतं. पण तेवढंच नाही. पुढचं वाक्य यमुताई दिवसभर मनातून गाळत होती. याच खोलीत, असंच दार लोटून ती म्हणाली होती: आता तो पेला, तं मी तुह्याच पदरात टाकीन. तुले नवरा सांभाळता आला नाही असं पुन्हा सांगीन सगळ्यायले.

पुन्हा, असं म्हणाली होती. कारण मागे सांगून झालं होतं. नणंदांना, शेजारणींना, सुनेच्या आईला तिच्याच घरी बसून.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

६

मुकुंद खाटेवर बॅग घेऊन बसला होता. यमुताई उंबऱ्यातच उभी राहिली.

"खोटं काहून बोलला गा?"

त्यानं बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "पेत मी होतो अन् बोल ती खात होती. इतकी वर्षं. म्हटलं, एकदा तिचं माझ्यावर येऊ दे."

"अन् गोड होती म्हणे."

"द्राक्षाची होती ना. मले वाटलं, गोडच असंन." तो कसंनुसं हसला. "माय, कपाटापाशी उभा होतो ना, तं वाटलं होतं मले. खोटं नाही बोलत. एक घडी वाटलं. मंग आडवी केली अन् निघून गेलो. ते कोणं पाहिलंच नाही."

निघून गेला ते कोणी पाहिलं नाही. अंकुशनं खिडकीतून हात पाहिला, बायकोनं दारातून हात पाहिला, आणि आईनं काहीच न पाहता निकाल दिला.

हॉर्न पुन्हा वाजला. यमुताईनं पदर खोचला आणि खानावळीतून बाहेर आली. गाडीवाला उतरून पेशंट विचारू लागला.

"न्यायचं कोणी नाही. हात धू, जेवून जा."

"मंग बोलावलं काहून, माय?"

"माझी चूक झाली," यमुताई म्हणाली.

साठी उलटून गेली होती आणि हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते एका अनोळखी ड्रायव्हरपुढे. मागे दारात मुकुंद येऊन उभा होता, त्याच्यामागे चारुलता. त्यांनी ऐकलं हे तिला कळलं, पण वळून पुन्हा म्हणायला जीभ उचलेना. ती अंकुशकडे गेली. त्यानं न सांगताच पळी पुढे केली. ती तिनं मुकुंदच्या हातात दिली. मग चारुलताच्या हाताचं मिरचीचं बोट धरून तिला मोरीवर नेलं आणि स्वतःच्या हातानं तिचे डोळे धुतले. सुनेनं धुवू दिले. एवढंच झालं.

मॅडम आली. गोरी, उंच, केस पिकायला लागलेले, साडी नेसायची हौस केलेली. यमुताईनं तिला पाटावर बसवलं आणि शेजारच्या पाटावर चारुलताला बसवलं. चारुलता बावरून उठायला लागली तेव्हा खांद्यावर हात दाबून म्हणाली, बस. आज मी वाढते.

बसता बसता मॅडमनं बाटलीचं विचारलं. उन्मेषनं आजीकडे बघितलं. चारुलताचा हात ताटात थांबला.

"सांग तिले, म्या सांडवली," यमुताई म्हणाली.

"आजी..."

"जसं म्हणून राहिली तसं सांग."

उन्मेषनं सांगितलं. मॅडमनं ते ऐकून घेतलं. मग हसून काही बोलली, आणि उन्मेषनं ते आजीला सांगायला जरा वेळ लावला. ती म्हणाली होती, हरकत नाही. वडील गेले त्या वर्षीची होती ती, त्यांच्या हातची शेवटची. ते असते तर म्हणाले असते, सांडली तर सांडली, मटण गरम आहे तोवर खा.

यमुताईनं वाढायला घेतलेली भाकरी हातातच राहिली.

मॅडमनं पहिला घास घेतला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या. तिखटामुळे, असं ती खुणेनं म्हणाली. यमुताईनं मान डोलावली. तिखटाच्या नावावर या घरात आजवर डोळ्यांतलं पुष्कळ पाणी खपलं होतं. मुकुंदनं मॅडमच्या वाटीत पळीनं आणखी रस्सा वाढला, मग बायकोच्या. चारुलता खाली मान घालून जेवत होती, हळूहळू, पोटभर.

ती बाटली पुढे तेलाच्या रांगेत गेली नाही. मुकुंद म्हणाला, काच चांगली आहे, भरून घेऊ. यमुताईनं ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर आडवी ठेवली, रिकामीच. कोणी झाडताना उभी केली की ती काही बोलत नाही, उठते आणि पुन्हा आडवी करते.